तीच प्रश्नावली पुन्हा कशासाठी?

तीर्थरूप भाऊजी यांस,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घातलेला नाही, या खोलीत तेवढी लांब मोकळी जागा नाही, पण मनापासून आहे, हे माझ्या शब्दावर धरून चाला.) तुमची तब्येत उत्तम असेल अशी आशा करतो. आशाच करतो, कारण माझ्या हातात ठोस काही नाही. ताईने मागच्या पत्रात "ह्यांचा गुडघा आता बरा आहे" एवढं एकच वाक्य लिहिलं आणि लगेच पडद्यांच्या कापडावर गेली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. बरा आहे म्हणजे किती बरा? जिना चढता येतो की नुसता उतरता येतो? बरा आहे असं डॉक्टर म्हणाले की तुम्हीच म्हणालात? तुम्ही म्हणाला असाल तर त्याला काही अर्थ नाही, तुम्ही पाय प्लास्टरमध्ये असतानाही "ठीक आहे" म्हणत होतात. तेव्हा गुडघ्याचं सविस्तर स्वतःच्या हस्ताक्षरात कळवावं. भाचीची परीक्षा संपली असेल. सगळे पेपर सोपे गेले असं ती म्हणत असेल तर जरा बारीक लक्ष असू द्या.

मी इथे खुशाल आहे. विमा कंपनीतली इतक्या वर्षांची तपासनिसाची नोकरी सोडून मी या वयात संशोधनाचं प्रशिक्षण घ्यायला निघालो तेव्हा घरात काय काय बोललं गेलं ते मी विसरलेलो नाही (कोण काय बोललं तेही), पण इथे माझं बरं चाललं आहे. विषय तुम्हाला ठाऊकच आहे: खोटा दावा करणारा माणूस खोटं बोलायच्या आधी स्वतःची समजूत कशी घालतो. तुम्ही त्या वेळी म्हणाला होतात, "आता तरी माणसांवर संशय घ्यायचं सोड." ते काही सुटलेलं नाही, फक्त आता त्याच्या खाली संदर्भ द्यावे लागतात. आम्हा प्रशिक्षणार्थींना तिसऱ्या मजल्यावर एक लांबट दालन दिलं आहे. मधे प्लायवूडचे आडोसे, एक खिडकी जी पूर्ण बंद होत नाही, आणि कोपऱ्यात चहासाठी विजेची किटली. किटलीवर कुणीतरी चिठ्ठी लावली आहे, "पाणी उकळल्यावर बटण आपोआप बंद होते", आणि तिच्याखाली दुसऱ्या अक्षरात, "होत नाही". (दोन्ही अक्षरं कुणाची ते मी शोधून काढलं आहे. दोन्ही एकाच माणसाची आहेत. काय समजायचं?) बाकी सगळी पोरं माझ्या निम्म्या वयाची, मला काका म्हणतात. माझ्या शेजारच्या आडोशात एक मुलगी गोगलगायींवर काम करते, म्हणून तिला सगळे गोगलगायवाली म्हणतात. बोलते मात्र इतकी झपाट्याने की तिचं वाक्य संपल्यावर मला सुरुवात ऐकू येते.

आता मुद्द्याचं. आमच्यात एक वरच्या वर्षाची मुलगी आहे, तिला आम्ही मापनीबाई म्हणतो. मापनी म्हणजे मनातली गोष्ट मोजायची पट्टी. कापड मोजायची पट्टी जशी आधी खरी आहे की नाही बघावी लागते, तशी ही पट्टीसुद्धा माणसांवर लावून तपासावी लागते, आणि तेवढं तपासण्यातच तिची चार वर्षं गेली आहेत. तिची मापनी विश्वासाची आहे. संशोधन शिकणाऱ्या माणसाचा आपल्या मार्गदर्शकावर, सोबत्यांवर आणि स्वतःवर किती विश्वास आहे हे त्यातून कळावं, असा तिचा बेत. यामागे कारण आहे. तिची एक मैत्रीण कुणाला काही न सांगता शिक्षण अर्धवट टाकून निघून गेली होती. टेबलावर पुस्तकं तशीच उघडी राहिली. आधी कुणाला कळलं असतं तर थांबवता आली असती, असं मापनीबाईला वाटतं. हे तिने मला किटलीपाशी उभं असताना सांगितलं. मी त्या वेळी मान हलवली आणि मनात म्हटलं, गोष्ट फार चांगली आहे, म्हणजे नक्की कशासाठी तरी रचलेली आहे.

एका सकाळी ती सगळ्यांना कागद वाटत आली. पाठपोट विधानं, प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे अजिबात पटत नाही, पाच म्हणजे पूर्ण पटतं. वर ठळक अक्षरांत छापलेलं: "यातील कोणतेही उत्तर बरोबर किंवा चूक नाही. आपली माहिती गुप्त ठेवली जाईल." भाऊजी, ही दोन वाक्यं एकाखाली एक वाचून कुठल्या शहाण्या माणसाला घाम फुटणार नाही? चूक काही नाहीच, तर मग गुप्त कशाला ठेवायचं? शिवाय नाव लिहायचं नाही, पण कोपऱ्यात आईच्या नावाची पहिली दोन अक्षरं आणि आपली जन्मतारीख घालायची. म्हणजे नाव नको, नुसती ओळख पुरे. (मी तुमच्या मातोश्रींच्या नावाची अक्षरं घातली. त्यांची क्षमा मागून घ्या. त्या भल्या होत्या, त्यांना काही वाटणार नाही.) मग मी विधानं वाचायला घेतली. सुरुवातीलाच होतं, "मार्गदर्शकांशी मी मोकळेपणाने बोलू शकतो." ठीक. पान उलटलं, तर तळाशी, "मार्गदर्शकांशी बोलताना मी शब्द जपून वापरतो." अहो, हा तोच प्रश्न आहे, नुसता सदरा उलटा घालून आलाय! मी हाच धंदा केला आहे. गोदाम जळालेल्या माणसाला आधी विचारायचं, "आग लागली तेव्हा तुम्ही कुठे होतात?" मग चहा पाजायचा, मुलाबाळांची चौकशी करायची, आणि जाता जाता विचारायचं, "धूर कुठल्या बाजूने येताना दिसला?" जो "घरी झोपलो होतो" म्हणालेला असतो त्यालाच धूर दिसतो, आणि फाइल बंद होते.

तेव्हा मी ताडलं की हा सापळा आहे, आणि सापळ्यात शिरायची रीत मला चांगली माहीत आहे. जिथे विश्वास विचारला तिथे पाच घातले, जिथे उलटा सदरा होता तिथे एक घातला. माझा मार्गदर्शकांवर पूर्ण विश्वास, सोबत्यांवर पूर्ण विश्वास, स्वतःवर तर विचारूच नका. संशयी दिसणाऱ्या माणसाचाच आधी संशय येतो, हे मी कितीतरी जळलेल्या दुकानांत पाहिलेलं आहे. कागद भरून झाला आणि मापनीबाई खिडकीपाशी कुणाला तरी काहीतरी समजावत होती, तेवढ्यात मी फोन काढून माझ्या कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले. आमच्या कंपनीत पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात: हातातून कागद सुटायच्या आधी त्याची प्रत आपल्याजवळ. गोगलगायवालीने पाहिलं आणि विचारलं, "काका, हे कशाला?" मी म्हटलं, "काढून ठेव. इथून पुढे कधी विचारलं तर आपण काय बोललो ते आपल्याला माहीत असावं." तिने काढला. तिचं पाहून पुढच्याने, आणि असा सगळ्यांनीच काढला. पोरं हुशार आहेत, नुसती भोळी आहेत एवढंच.

त्यानंतर मापनीबाईने काही जणांना एकेकटं बोलावलं, त्यात मी होतो. हा तिच्या कामाचाच एक भाग असतो म्हणे: माणसाने विधान वाचायचं आणि वाचताना डोक्यात जे येईल ते मोठ्याने बोलत जायचं, म्हणजे विधान त्याला नीट समजलं की नाही ते कळतं. एका छोट्या खोलीत आम्ही दोघं समोरासमोर, मधे टेबल, टेबलावर आवाज टिपायचं यंत्र. भाऊजी, मी आयुष्यभर त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेला माणूस. तिने पहिलं विधान पुढे केलं. मी वाचलं. ती थांबली. मीही थांबलो. ती म्हणाली, "काका, मनात काय येतंय?" मी म्हटलं, "विचार चालू आहे." दुसरं विधान. "आता?" मी म्हटलं, "चालूच आहे." असं शेवटपर्यंत. यंत्रात माझ्या घसा खाकरण्याचे आणि तिच्या पेनाचे आवाज तेवढे निघाले. शेवटी तिने हसून आभार मानले, आणि मला ते हसू अजिबात आवडलं नाही, कारण त्यात राग नव्हता.

दोन-तीन आठवडे शांततेत गेले. (मी शांततेकडेही लक्ष ठेवून असतो.) आणि एक दिवस ती पुन्हा तेच कागद घेऊन हजर! तीच विधानं, तेच आकडे, तोच कोपरा. म्हणाली, "आज जसं वाटतंय तसं भरा, मागचं काही आठवू नका." मागचं आठवू नका! साक्षीदाराला कुणी असं सांगितलं तर साक्षीदाराने सगळ्यात आधी काय करावं? मी लगेच तिला विचारलं, तीच प्रश्नावली पुन्हा कशासाठी? ती म्हणाली, पट्टी स्थिर आहे का ते बघायला. मी हो म्हटलं, आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांना किटलीभोवती गोळा केलं. म्हटलं, बाळांनो, ही उलटतपासणी आहे. ज्याचा जबाब बदलेल तो खोटा. आणि नेमकं त्याच आठवड्यात वरून कुजबुज आली होती की यंदा प्रशिक्षणार्थींचा आढावा कडक होणार, काही जणांना वगळणार. (ही कुजबुज कुठून आली ते मला शोधता आलं नाही. बहुतेक मीच बोललो असेन.) पोरांचे चेहरे उतरले. सगळ्यांनी मांडीवर फोन ठेवले, फोटो उघडले, आणि एकेक आकडा जसाच्या तसा उतरवला. सगळ्यांच्या माना खाली. मापनीबाईला वाटलं, काय मन लावून भरताहेत! तिने सगळ्यांसाठी बिस्किटं आणली.

आता मला वाटलं होतं की ती खूश होईल. एवढे प्रामाणिक, एवढे ठाम लोक तिला कुठे मिळणार? पण चारेक दिवसांनी ती आली ती डोळे सुजवून. कुणाशी बोलली नाही, सरळ तिच्या मार्गदर्शक मॅडमच्या केबिनमध्ये गेली आणि दार बंद झालं. या मॅडम म्हणजे वेगळंच प्रकरण आहे. घरी जाताना टेबलाचे खण ओढून बघतात, जिन्यावरून परत येऊन पुन्हा ओढून बघतात. मला त्यांच्याविषयी पहिल्यापासून आदर आहे. केबिनच्या बाहेर भिंतीवर पाण्याची टाकी धुण्याची एक सूचना लावलेली होती. ती मी वाचत उभा राहिलो. फार वेळ वाचली. आतून मॅडमचा आवाज येत होता, "अगं, माणसाला पंधरा दिवसांनी स्वतःची छत्री ओळखू येत नाही, आणि ह्या सगळ्यांचा एकसुद्धा आकडा बदलत नाही? थोडं इकडेतिकडे व्हायलाच हवं. जवळपास सारखं आलं तर पट्टी चांगली. हुबेहूब आलं तर कुणीतरी उतरवलंय." मग मापनीबाईचं काहीतरी बारीक आवाजात. मग पुन्हा मॅडम, "तू वाटलेस कागद, तूच गोळा केलेस. दुसऱ्या वेळचे घरी बसून तूच भरले नाहीस हे मी संशोधन समितीला कशावरून सांगू?" पुढचं मला कळलं ते असं: समितीने खोटेपणा धरला तर तिची नोंदणीच रद्द होते. चार वर्षं पाण्यात, आणि वर कायमचा डाग. पुन्हा कुठे कुणी तिला दारात उभं करणार नाही.

इथे मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. मी मापनीबाईवर संशय घेतला. म्हटलं, बघ, चेहरा किती गरीब! बिस्किटं काय, हसू काय! मी लगेच तपास सुरू केला. ज्या दुकानातून तिने प्रती काढल्या त्या झेरॉक्सवाल्याला भेटलो आणि तिने जास्तीच्या कोऱ्या प्रती नेल्या होत्या का, असं आडून आडून विचारलं. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कोण तिचे?" परत येऊन मी गोगलगायवालीच्या आडोशात खुर्ची ओढली आणि हळू आवाजात म्हटलं, दुसऱ्या वेळचे कागद कुणीतरी पहिल्यावरून उतरवलेले आहेत, तुला कुणावर संशय येतो? तिने काचेची बरणी खाली ठेवली. आणि आयुष्यात पहिल्यांदा सावकाश बोलली. "काका, फोटो तुम्हीच काढायला लावलेत ना?"

मी उठून माझ्या जागेवर जाऊन बसलो. मला लाज वाटली, भाऊजी. स्पष्टच लिहितो. आगीच्या प्रत्येक प्रकरणात मी विचारायचो की यात फायदा कुणाचा. मी हातात काडी घेऊन उभा आहे हे इतक्या वर्षांत मला कधी दिसलं नव्हतं, कारण मी नेहमी चौकशीच्या बाजूने उभा असायचो. ती पोरगी, जिला एवढंच हवं होतं की पुस्तकं उघडी टाकून कुणी निघून जाऊ नये, तिच्याच पायाखालची जमीन मी काढून घेतली. तेही तिच्या भल्यासाठी नव्हे, माझ्या धास्तीपायी.

तसाच उठून मॅडमच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "तिने पाठवलं तुम्हाला?" मी म्हटलं, नाही. "मग एवढी कळकळ कशासाठी?" मी फोन काढून फोटो दाखवले. त्या म्हणाल्या, "फोटो आत्ताही काढता येतात." खरं आहे! तारीख दाखवली, तर म्हणाल्या, फोनची तारीख बदलता येते. तेही खरं! भाऊजी, मला त्या बाईंचं इतकं कौतुक वाटलं की क्षणभर मी विसरलोच मी कुठल्या बाजूने आलोय, आणि म्हटलं, "शिवाय आम्ही सगळ्यांनी मिळून ही गोष्ट रचलीही असेल." त्यांनी ते लिहून घेतलं. म्हणजे बचावासाठी गेलो आणि फिर्यादीला एक मुद्दा देऊन आलो. दाराशी पोचलो तेव्हा त्यांनी हाक मारली. म्हणाल्या, "तुम्ही खरं बोलत असाल असं मला वाटतंय. पण मला वाटून काय उपयोग?" हे वाक्य मी स्वतः कितीतरी लोकांना ऐकवलं आहे. समोरून कसं लागतं ते आत्ता कळलं.

त्याच दिवशी मापनीबाईला किटलीपाशी गाठलं आणि तिलाही सांगितलं. मला वाटलं, ओरडेल, कप आपटेल. निदान रडेल तरी. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, तुम्हाला एवढी भीती कसली वाटली?" आणि वही उघडून उत्तरासाठी पेन धरून उभी राहिली. यावेळी विचार चालूसुद्धा नव्हता. पाणी उकळून उकळून किटली हलायला लागली तेव्हा तिनेच हात पुढे करून बटण बंद केलं. समितीची बैठक पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला आहे. पोरांनी आपण होऊन लेखी जबाब दिले आहेत, पण सगळ्यांच्या जबाबांत वाक्यंसुद्धा सारखीच आहेत (गोगलगायवालीने लिहिला, बाकीच्यांनी बघून), तेव्हा त्याचा काय उपयोग होईल याची मला शंका आहे.

असो. इथली हवा बरी आहे. ताईला माझा नमस्कार, भाचीला आशीर्वाद. पडद्याचं कापड घेतलं असेल तर धुतल्यावर आटतं का ते आधी बघा. हे पत्र केवळ खुशाली कळवायला लिहिलं आहे, दुसरं काही काम नाही. कळावं. तुमचा लोभ आहे असं धरून चालतो, पुरावा मागत नाही.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता. क. पाकिटात एक जास्तीचा कागद निघेल, तो चुकून पडलेला नाही. मॅडमने समितीपुढे एक मार्ग ठेवला आहे. प्रत्येक प्रशिक्षणार्थीला चांगलं ओळखणाऱ्या एका बाहेरच्या माणसाने त्याच्याविषयी हीच विधानं भरून द्यायची: हा कुणाशी मोकळं बोलतो का, कुणावर विसंबतो का, वगैरे. ती उत्तरं आमच्या पहिल्या कागदांशी साधारण जुळली तर निदान पहिले कागद खरे ठरतात, आमच्या जबाबांनाही वजन येतं, मापनीबाईवरचा आळ जातो, आणि दुसरी फेरी तिला नव्या मुलांवर पुन्हा घेता येते. माणूस रक्ताच्या नात्यातला नको, बऱ्याच वर्षांच्या ओळखीचा हवा. सगळ्यांचे कागद आले. माझा एकट्याचाच राहिला आहे, आणि एकही कमी पडला तर समिती बघणार नाही. पत्राचं खरं कारण हेच. वरचं सगळं प्रस्तावना समजा. तुम्हाला त्रास नको म्हणून कुठे काय भरायचं तिथे पेन्सिलीने बारीक टिंबं दिली आहेत. सगळीकडे पाच, उलट्या सदऱ्यांपुढे एक.

ता. क. दुसरा. तुम्ही म्हणाल, माझ्याकडेच का? आधी दुसरीकडे प्रयत्न केला. कंपनीतल्या जुन्या सोबत्यांची यादी मनात फिरवली, तर ज्याच्याविषयी मी कधी ना कधी वर कळवलं नाही असा एकही निघेना. जुन्या घराच्या शेजाऱ्यांकडे जाऊन आलो, ते दाराच्या साखळीआडूनच म्हणाले की आम्ही तुम्हाला ओळखत नाही. एवढी वर्षं जिना एक आहे. मग आठवलं की ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी तुमची चौकशी केली होती, तुमच्या ऑफिसात, घरमालकाकडे आणि तुमच्या दाढी करणाऱ्या माणसाकडेसुद्धा. तुम्हाला ते कळलं होतं, हेही मला ठाऊक आहे. आणि तरी लग्नानंतर पहिल्यांदा घरी आलात तेव्हा माझ्या शेजारचीच खुर्ची घेऊन बसलात. मी ज्यांची चौकशी केली आणि जे तरीही माझ्याशी बोलत राहिले, असे तुम्ही एकटेच आहात.

ता. क. तिसरा. पेन्सिलीची टिंबं खोडून टाका. आत्ताच मापनीबाईला भेटून आलो आणि सांगितलं की माझा पहिला कागद पहिल्यापासूनच खोटा आहे, तेव्हा माझ्या मेहुण्यांनी खरं लिहिलं तर तो जुळायचा नाही आणि तुझं नुकसान होईल. ती म्हणाली, "नाही जुळला तर नाही जुळला. सगळेच जुळले तर मॅडम पुन्हा विचारतील." तेव्हा भाऊजी, कृपा करून खरं लिहा. हात राखू नका. मी कुणावर विसंबतो का, या ओळीला तुम्ही एक घातला तर त्या पोरीचं भलंच होणार आहे. माझी मदत तिला एकदा झाली आहे, तेवढी पुरे.

ता. क. चौथा. शेवटून दुसरी ओळ अशी आहे: "या व्यक्तीचा माझ्यावर विश्वास आहे." तिथे जरा थांबून लिहा, एवढंच म्हणतो. आणि कागद मला पाठवू नका. लिफाफा नीट चिकटवून थेट मापनीबाईला पाठवा, पत्ता मागच्या बाजूला दिला आहे. माझ्याकडे आला तर मी उघडणार नाही असं मी तुम्हाला शपथेवर सांगेन, पण त्या माणसावर विसंबू नका. मी त्याला फार वर्षं ओळखतो.